नोटीस, सभा आणि संचालकपद: सोलापूरच्या भागधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणजे पुष्कळदा घराचाच विस्तार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या, नाहीतर चिंचोलीतलं इंजिनिअरिंग युनिट. वडिलांची किंवा आजोबांची भागीदारी पेढी होती, तिची कंपनी झाली आणि भाऊ, बहिणी, मेहुणे भागधारक झाले. सगळे एका पंगतीत जेवतात तोवर सभेची नोटीस कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. निर्णय चहाबरोबर होतात, इतिवृत्त सीएच्या ऑफिसात टाइप होतं, सह्या सवडीने होतात. मग एक दिवस वाटणीचा विषय निघतो आणि दहा वर्षांच्या फायली टेबलावर येतात.

मी इथे कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. लोक ऑफिसात येऊन जे विचारतात ते इथे उतरवलं आहे. उदाहरणं कल्पित आहेत, कलमं आणि निकाल खरे. तुमच्या कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची स्वतःची नियमावली, हातात घेऊनच वाचा, कारण अर्धी उत्तरं तिथेच बदलतात.

सभेची नोटीस किती दिवस आधी मिळायला हवी?

आधी सभा कोणती ते सांगा. भागधारकांची सर्वसाधारण सभा असेल तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 101 प्रमाणे पूर्ण 21 दिवस. संचालक मंडळाची बैठक असेल तर कलम 173 प्रमाणे किमान 7 दिवस. हे दोन आकडे एकमेकांत मिसळून भांडणारे मी खूप पाहिले आहेत, त्यांत काही वकीलही होते.

‘पूर्ण’ या शब्दात ग्यानबाची मेख आहे. नोटीस पाठवल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवसही धरायचा नाही, मधले 21 भरले पाहिजेत. नोटीस टपालाने किंवा कुरिअरने पाठवली असेल तर सेक्रेटेरियल स्टँडर्ड (सभा कशा घ्यायच्या याची नियमावली) आणखी 2 दिवस धरायला सांगतं. सभा 30 सप्टेंबरला असेल तर ईमेल उशिरात उशिरा 8 सप्टेंबरला जायला हवा आणि टपाल 6 सप्टेंबरला. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. एका दिवसाने चुकलेल्या नोटिसा दर वर्षी सापडतात.

आमच्या आर्टिकल्समध्ये 7 दिवस लिहिले आहेत. मग 21 कुठले?

प्रायव्हेट कंपनीला ही सवलत खरोखर आहे. 5 जून 2015 च्या अधिसूचनेनुसार कलम 101 ते 107 आणि 109 प्रायव्हेट कंपनीला लागू होतात, पण आर्टिकल्समध्ये वेगळं लिहिलं असेल तर आर्टिकल्स चालतात. म्हणजे 7 दिवसांची नोटीस कायदेशीर ठरू शकते.

मात्र जून 2017 मध्ये त्याला एक शेपूट जोडलं गेलं: ज्या कंपनीने ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र कंपनी रजिस्ट्रारकडे वेळेवर भरलेलं नाही तिला ही सवलत नाही. आणि भांडणाऱ्या कंपन्यांत नेमकं हेच थकलेलं असतं. तेव्हा समोरच्याने ‘आमचे आर्टिकल्स’ म्हटलं की आधी त्यांची फायलिंग तपासा.

कमी मुदतीची नोटीस चालते का?

संमती असेल तर. वार्षिक सभेसाठी मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी किमान 95 टक्के. इतर सभांसाठी सभासदसंख्येचं बहुमत आणि शिवाय मताधिकार असलेल्या भांडवलाच्या किमान 95 टक्के. संमती लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक हवी. ‘वहिनी फोनवर हो म्हणाल्या होत्या’ ही संमती नव्हे.

“नोटीस पाठवली होती,” असं ते म्हणतात. मला मिळालीच नाही. सभा रद्द होईल?

ऑफिसात सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर जातो.

कायदा दोन्हीकडे बघतो. कलम 101 चं चौथं उपकलम म्हणतं की चुकून एखाद्याला नोटीस द्यायची राहिली, किंवा पाठवलेली कुणाला मिळाली नाही, तर तेवढ्याने सभा बाद होत नाही. ‘चुकून’ हा शब्द अधोरेखित करा. चारशे भागधारकांत एक पत्ता चुकला तर ती चूक. तीन भावंडांच्या कंपनीत नेमक्या भांडणाऱ्या बहिणीचीच नोटीस राहिली, तर त्याला चूक म्हणायला कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या अधिकरणाच्या सदस्यांनाही जड जातं.

मग प्रश्न पुराव्याचा. पूर्वी ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ नावाची सोय होती. पोस्टाचा शिक्का मारलेला एक कागद मिळायचा आणि त्या कागदावर अनेक कंपन्या बळकावल्या गेल्या. ‘केरळ कौमुदी’ या वृत्तपत्राच्या कंपनीतल्या भावंडांच्या वादात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा शिक्क्यावरून नोटीस पोचल्याचं गृहीत धरलंच पाहिजे असं नाही. टपाल खात्याने ती सेवा 2011 मध्ये बंदच केली. आता स्पीड पोस्ट. सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्टही त्यातच विलीन झालं आहे.

स्पीड पोस्टच्या पावतीवर पत्ता असतो, तारीख असते आणि वजनही छापलेलं असतं. हे वजन वाचायला शिका. वार्षिक सभेची नोटीस ताळेबंद आणि अहवालासह पाठवली असा दावा असेल आणि पावतीवर 20 ग्रॅम असतील, तर त्या लिफाफ्यात अहवाल मावला कसा, एवढंच विचारायचं. उलट, लिफाफा मिळाला आणि आत भलताच कागद निघाला, तर गप्प बसू नका. साक्षीदारासमोर फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. सहा महिन्यांनी सांगितलेली कोऱ्या कागदाची गोष्ट कुणी ऐकत नाही.

आणखी एक. नोटीस न मिळताही तुम्ही सभेला गेलात, बसलात, मत दिलंत, चिवडा खाल्लात आणि नंतर तक्रार केलीत, तर बाजू लंगडी पडते. जायचं असेल तर जा, पण आत शिरताच लेखी हरकत द्या आणि प्रतीवर पोच घ्या.

व्हॉट्सअॅपवर टाकलेली नोटीस चालते का?

त्यावर अवलंबून राहू नका. नियम इलेक्ट्रॉनिक नोटीस मान्य करतात, पण सभासदाने कंपनीला दिलेल्या शेवटच्या ईमेल पत्त्यावर आणि पाठवल्याची नोंद राहील अशा पद्धतीने. ‘फॅमिली बिझनेस’ ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांखाली टाकलेली पीडीएफ त्यात बसवणं कठीण. मात्र तुम्ही खाली अंगठा दाखवला असेल, तर सभेची माहितीच नव्हती असं म्हणणंही कठीण.

वडील वारले. शेअर्स अजून त्यांच्याच नावावर आहेत. नोटीस कुणाला?

मृत सभासदाच्या कायदेशीर प्रतिनिधीला. कलम 101 मध्ये तसं स्पष्ट आहे. नोटीस प्रत्येक संचालकाला आणि ऑडिटरलाही जायला हवी. ऑडिटरचं नाव सगळे विसरतात.

घरच्या कंपन्यांत खरी आग इथे लागते. समजा अप्पांकडे 40 टक्के शेअर्स होते. ते गेले, थोरल्या भावाने नॉमिनी म्हणून ते स्वतःच्या नावावर चढवले, स्वतःचे 20 धरून 60 टक्के झाले आणि पुढच्या सभेत मुलाला संचालक केलं. बहिणीला वाटतं, नॉमिनी म्हणजे मालक, आता काय करणार! तसं नाही. 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात स्पष्ट केलं की शेअर्सचं नॉमिनेशन वारसा हक्क ओलांडत नाही. नॉमिनीकडे शेअर्स येतात, पण वारसांचा हक्क तसाच उभा राहतो.

तरीही सभेच्या दिवशी मत कोण देणार, हे सभासदांच्या नोंदवहीवरून ठरतं. म्हणून वारस म्हणून अर्ज, मृत्यू दाखला, वारस प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्र यांच्या मागे लवकर लागा. तेरावा झाल्यावर कंपनीला एक साधं पत्र गेलं पाहिजे: आम्ही कायदेशीर वारस, यापुढच्या नोटिसा या पत्त्यावर पाठवा. तेवढ्याने पुढचे निम्मे वाद टळल्यासारखे होतात.

मी संचालक आहे. मला न कळवता मंडळाची बैठक घेतली. ठराव टिकेल?

सर्वसाधारण सभेपेक्षा इथे कायदा कडक आहे. 7 दिवसांची लेखी नोटीस प्रत्येक संचालकाला, त्याच्या कंपनीकडे नोंदलेल्या पत्त्यावर. ‘ते पुण्यात राहतात’, ‘ते कधीच येत नाहीत’, ‘बहुमत आमचंच होतं’ यातलं एकही उत्तर चालत नाही. 1973 मध्ये परमेश्वरी प्रसाद गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका संचालकाला नोटीस नव्हती म्हणून बैठकीतला ठराव अवैध धरला.

पण त्या निकालाचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. नंतर रीतसर बोलावलेल्या बैठकीत मंडळाने तोच निर्णय कायम केला होता आणि न्यायालयाने ते कायम करणं मान्य केलं. ठरावाला आव्हान देणारा हरला.

तातडीच्या कामासाठी 7 दिवसांहून कमी मुदत चालते. कंपनीत स्वतंत्र (मालकांशी संबंध नसलेले, बाहेरचे) संचालक असतील तर त्यातला एक तरी हजर हवा. घरच्या प्रायव्हेट कंपनीत ते नसतातच, म्हणून ‘तातडी’ हा शब्द सैल वापरला जातो. कमी मुदतीची नोटीस म्हणजे नोटीसच नको, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. कोरम, म्हणजे किमान हजेरी, एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा 2, यांतला मोठा आकडा.

सभा मुद्दाम पुण्यात ठेवली. चालतं?

नोंदणीकृत कार्यालय सोलापुरात असेल तर वार्षिक सभा त्या कार्यालयात किंवा सोलापूर शहरात इतरत्र घ्यावी लागते, सकाळी 9 ते संध्याकाळी 6 मध्ये, राष्ट्रीय सुट्टी सोडून. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला ती भारतात कुठेही घेता येते, पण त्यासाठी सगळ्या सभासदांची आगाऊ संमती लागते. एकानेही नाही म्हटलं तर हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढायची गरज नाही.

गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वज निघायच्या दिवशी सभा ठेवली म्हणून एक गृहस्थ चिडून आले होते. राग समजण्यासारखा आहे. पण सिद्धरामेश्वरांची यात्रा कायद्याच्या राष्ट्रीय सुट्ट्यांत येत नाही.

‘ऐनवेळचे विषय’ म्हणून माझ्या पुतण्याला संचालक केलं. हे वैध का?

ही सवय सहकारी संस्थांतून आलेली आहे. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलं आहे की कंपनीच्या नोटिशीतही ते छापतात. कंपनीच्या सर्वसाधारण सभेत नव्या संचालकाची नेमणूक अशी करता येत नाही. वार्षिक सभेत चारच विषय नेहमीचे: हिशेब आणि अहवाल, लाभांश, निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक, ऑडिटर. बाकी सगळं विशेष कामकाज, आणि त्यासाठी नोटिशीसोबत स्पष्टीकरणाचं निवेदन लागतं. आर्टिकल्समध्ये सूट असेल तर ती दाखवण्याची जबाबदारी समोरच्याची.

हात वर करून झालेल्या मतदानात हरलो, पण शेअर्स आमच्याकडे जास्त आहेत.

हात वर करून मत घेतलं तर एका माणसाचं एक मत, मग त्याच्याकडे 60 टक्के असोत की एकच शेअर. म्हणून निकाल जाहीर होण्यापूर्वी किंवा होताच पोल, म्हणजे शेअर्सच्या प्रमाणात मतमोजणी, मागायचा. एक दशांश मतं, किंवा भरणा झालेले 5 लाखांचे शेअर्स हातात असले की तो हक्क आहे. प्रॉक्सीने, म्हणजे सभासदाच्या बदली, येणारे जावईबापू सभेत बोलू शकत नाहीत आणि पोल झाला तरच मत देऊ शकतात. प्रॉक्सीचा अर्ज सभेच्या 48 तास आधी पोचला पाहिजे. हे ऐनवेळी कळलं की फार चिडचिड होते.

मंडळाने ‘अतिरिक्त संचालक’ नेमला, दोन वर्षं झाली, तो अजून सह्या करतोय.

याला मी सुप्त दोष म्हणते. शोधला तर दहातल्या तीन-चार फायलींत सापडतो.

कलम 161 प्रमाणे आर्टिकल्समध्ये अधिकार असेल तर मंडळ अतिरिक्त संचालक नेमू शकतं. पण त्याची मुदत पुढच्या वार्षिक सभेपर्यंत, किंवा ती सभा ज्या तारखेपर्यंत व्हायला हवी होती त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तेवढीच. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीत साधारण 30 सप्टेंबर. त्या सभेत भागधारकांनी त्याला निवडलं नाही, किंवा सभाच झाली नाही, तर त्याचं पद आपोआप संपलं. ‘सभा घेतलीच नाही, म्हणून तो अजून आहे’ हा युक्तिवाद कायद्याने आधीच बंद करून ठेवला आहे.

मग तो सह्या करतोय त्या कशा? पुढचा प्रश्न वाचा.

नेमणूक अवैध ठरली तर त्याने केलेले व्यवहार, कर्ज, करार यांचं काय?

कलम 176 म्हणतं की नेमणुकीत दोष होता किंवा पद संपलं होतं हे मागाहून लक्षात आलं, तरी तोवर केलेली कामं वैध. म्हणजे सूत पुरवणाऱ्याचं बिल, बँकेचं कर्ज, कामगारांचा करार वाचतो. पण कंपनीच्या लक्षात आल्यावर केलेल्या कामाला हे संरक्षण नाही. म्हणूनच दोष कळताच मंडळाला आणि ऑडिटरला लेखी कळवायचं. ‘लक्षात आलं’ ती तारीख तुमच्या पत्राने पक्की होते. हे पत्र तुमच्या हातातलं सर्वांत स्वस्त शस्त्र आहे.

दुसरा फरक याहून खोल आहे. नेमणूक झाली पण सदोष, आणि नेमणूक झालीच नाही, या वेगळ्या गोष्टी. 1946 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मॉरिस विरुद्ध कॅन्सन या निकालात तो मांडला. तिथे न झालेल्या बैठकीचं बनावट इतिवृत्त होतं. जी नेमणूक मुळातच झाली नाही तिला सदोष नेमणुकीचं पांघरूण मिळत नाही, असं लॉर्ड्सनी म्हटलं. आपल्याकडे बैठक न घेता कागदोपत्री केलेला संचालक त्या दुसऱ्या खान्यात जातो. बाहेरच्या निष्पाप माणसाला मात्र कंपनीच्या आतल्या गोंधळाची झळ सहसा लागू देत नाहीत. घरातल्या माणसाला तो आधार नाही, कारण त्याला सगळं ठाऊक असतं.

वर्षभर बैठकींना आलो नाही म्हणून मला काढून टाकलं. पण मला नोटिसाच येत नव्हत्या!

जुनी युक्ती. कलम 167 प्रमाणे संचालक सलग 12 महिने मंडळाच्या सगळ्या बैठकींना गैरहजर राहिला, रजा घेऊन असो वा न घेता, तर पद रिकामं होतं. मग काय करायचं? नोटीस पाठवायची नाही, बारा महिने शांत बसायचं आणि एक फॉर्म भरून टाकायचा. ज्या बैठकीचं बोलावणंच नव्हतं तिला गैरहजर राहिलो कसा, हे तुमचं उत्तर. प्रत्येक बैठकीच्या नोटिशीचा आणि ती पोचल्याचा पुरावा मागा. चार बैठकींतली एकही सिद्ध झाली नाही तर त्यांचा डोलारा कोसळतो.

मला काढल्याचा फॉर्म कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर आला. म्हणजे विषय संपला?

नाही. डीआयआर-12 हा संचालक बदलल्याचं कळवण्याचा फॉर्म आहे, नेमण्याचा किंवा काढण्याचा नाही. पुण्याच्या रजिस्ट्रार कार्यालयात सोलापूर जिल्ह्याच्या कंपन्यांचं दप्तर आहे. तिथे कागद नोंदले जातात, भावाभावांतला खरा-खोटा निवाडा होत नाही. तरी तक्रार करा. व्यवस्थापनात वाद असल्याची नोंद झाली तर पुढचे फॉर्म डोळे झाकून मंजूर होत नाहीत.

पोर्टलवर 100 रुपये भरून कंपनीचे सार्वजनिक कागद कुणालाही पाहता येतात. त्या फॉर्मला जोडलेला ठराव, राजीनामा, इतिवृत्त उतरवून घ्या. तुमच्या नावाचा राजीनामा आणि त्याखालची अनोळखी सही तिथेच दिसते. अशी सही दिसली तर पोलिसांकडेही जावं लागेल, पण ठाण्यात जाण्याआधी वकिलाला दाखवा.

त्याच बैठकीत त्यांनी स्वतःला नवे शेअर्स वाटून घेतले.

संचालकपदापेक्षा याची काळजी आधी करा. संचालक बदलता येतो, टक्का एकदा गेला की परत आणायला वर्षं लागतात. 2004 च्या डेल अँड कॅरिंग्टन खटल्यात मॅनेजिंग डायरेक्टरने दुसऱ्या संचालकाला नोटीस न देता स्वतःला शेअर्स दिले आणि कंपनीचा ताबा फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं. असं झालं असेल तर वाट पाहू नका, अंतरिम स्थगिती मागा.

आम्हीच सभा बोलावू शकतो का? थोरल्याला काढायचं आहे.

मताधिकार असलेल्या भांडवलाचा एक दशांश तुमच्याकडे असेल तर हो. कलम 100 प्रमाणे सह्यांची मागणी नोंदणीकृत कार्यालयात द्या. मंडळाने 21 दिवसांत पावलं उचलून मागणी मिळाल्यापासून 45 दिवसांच्या आत सभा घ्यायची. नाही घेतली तर मागणीच्या तारखेपासून 3 महिन्यांच्या आत तुम्ही स्वतः घ्या. वाजवी खर्च कंपनीकडून मिळतो आणि कंपनी तो चुकार संचालकांच्या मानधनातून कापते. या तरतुदीवर माझा जीव आहे.

सभा कशासाठी हवी याची कारणं भागधारकाला द्यावी लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1985 मध्ये एलआयसी विरुद्ध एस्कॉर्ट्स या निकालात सांगितलं. झी एंटरटेनमेंट आणि इन्व्हेस्को यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2021 मध्ये अशी सभा रोखली होती. मार्च 2022 मध्ये खंडपीठाने तो आदेश उलटवला.

संचालकाला काढण्यासाठी कलम 169, साधा (निम्म्याहून जास्त मतांचा) ठराव पुरतो. पण आधी सभेच्या किमान 14 दिवस विशेष सूचना, मग त्या संचालकाला तिची प्रत आणि बाजू मांडायची संधी. घाईत ही पायरी चुकते आणि जिंकलेली सभा हातची जाते.

दाद कुठे मागायची?

राष्ट्रीय कंपनी कायदा अधिकरणाच्या मुंबई खंडपीठात. जुलूम आणि गैरव्यवस्थापनाचा अर्ज कलम 241 खाली. तो करायला 100 सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांत जे कमी असेल ते, नाहीतर भांडवलाच्या एक दशांश शेअर्स लागतात. इतकं नसेल तर अट शिथिल करायची विनंती करता येते. ज्यात अधिकरणाला अधिकार आहे तिथे सोलापूरच्या दिवाणी कोर्टात दावा टाकून उपयोग नाही, कलम 430 आडवं येतं. अधिकरणाच्या आदेशावर अपील 45 दिवसांत.

नोटिशीचा मुद्दा माझ्या बाजूने आहे. मी जिंकेन ना?

कदाचित. पण काय जिंकाल?

समजा थोरल्याकडे 55 टक्के, तुमच्याकडे आणि बहिणीकडे मिळून 45. नोटीस चुकली म्हणून सभा रद्द झाली. थोरला दुसऱ्या दिवशी 21 दिवस नीट मोजून नवी नोटीस काढेल आणि तोच ठराव 55 टक्क्यांनी मंजूर करेल. दीड वर्ष आणि वकिलाची फी खर्चून तुम्ही त्याला नोटीस लिहायला शिकवलंत. शिवाय बेकायदा ते सगळं आपोआप जुलूम ठरत नाही, हे नीडल इंडस्ट्रीजच्या 1981 च्या निकालापासून ठरलेलं आहे. टाटा सन्स आणि सायरस मिस्त्री यांच्या 2021 च्या निकालातही अध्यक्षपदावरून काढणं हा काही आपोआप जुलूम धरला गेला नाही.

म्हणून मी आधी टक्के मोजते, मग दिवस. 45 टक्क्यांत खरी ताकद वेगळी आहे: विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, ते तुम्ही रोखू शकता. आर्टिकल्स बदलणं त्यांना तुमच्याशिवाय जमणार नाही. नोटिशीचा दोष टक्का बदलणाऱ्या कामाला, म्हणजे शेअर वाटपाला किंवा वारसांचे शेअर्स दाबण्याला चिकटलेला असेल, तर तो सोन्यासारखा मुद्दा. नुसत्या नेमणुकीला चिकटलेला असेल तर तो बोलणी करायला उपयोगी. अधिकरण एका बाजूला दुसऱ्याचे शेअर्स विकत घ्यायलाही सांगू शकतं, आणि घरच्या कंपन्यांत पुष्कळदा शेवट तिथेच येतो.

बँकेला कळवावं का?

विचार करून. दोन्ही बाजूंची पत्रं बँकेत पोचली की बँक सहसा खातं थांबवते. मग आठवड्याचा पगार अडतो आणि मागावर बसणाऱ्या माणसाला तुमच्या कलम 173 चं काही सोयरसुतक नसतं. फक्त मोठ्या रकमांना दोन सह्या हव्यात, एवढी तडजोड आधी करून पाहा.

आमची सूतगिरणी सहकारी आहे. आणि मेहुण्याची डाळिंबाची शेतकरी उत्पादक कंपनी. हेच नियम?

सहकारी संस्थेला यातलं काही लागू नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, उपविधी, निबंधक आणि निवडणुकीसाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण.

शेतकरी उत्पादक कंपनी मात्र कंपनी कायद्यातच आहे, तिचं प्रकरण वेगळं. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस, सोबत मागच्या सभेचं इतिवृत्त, ताळेबंद आणि संचालकपदाच्या उमेदवारांची नावं पात्रतेसह. कोरम सभासदांच्या एक चतुर्थांश. पाचशे शेतकऱ्यांच्या कंपनीत 125 माणसं बसलेली हवीत. सांगोल्यात बहाराच्या दिवसांत ती गोळा करणं किती अवघड, हे तिथल्या कुणालाही विचारा. इतिवृत्तात 125 सह्या आणि फोटोत तीस डोकी, हा तिथला ठरलेला वाद. एक सभासद एक मत, संचालक 5 ते 15. सभासद आणि कंपनीतला व्यवस्थापनाचा वाद आधी समेट किंवा लवादाकडे जातो.

पहिल्या भेटीला काय आणू?

आर्टिकल्स. सभासदांच्या नोंदवहीची प्रत किंवा शेवटचं वार्षिक विवरणपत्र. आलेल्या नोटिसा लिफाफ्यांसकट; लिफाफा फाडून फेकू नका, शिक्का त्यावरच असतो. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत सभासदाला मागता येते, कंपनीने ती 7 कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते. मंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं भागधारक म्हणून मिळत नाहीत, संचालक असाल तर मिळतात. शेअर सर्टिफिकेट घरी कपाटात असेल तर उजेडात बघून घ्या, पुष्कळांच्या सर्टिफिकेटवरची सही अशा संचालकाची निघते ज्याची मुदत तेव्हा संपलेली होती.